परिचारकाचे चार गुण

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायाचे नाव खुड्डाकचतुष्पाद. या लहानशा अध्यायात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषधी द्रव्य, परिचारक आणि खुद्द रोगी, आणि या प्रत्येकाचे चार चार असे सोळा गुण एकत्र आले म्हणजे चिकित्सा सफल होते, असा तेथील सिद्धान्त आहे. वैद्याला शास्त्राचे निर्मळ ज्ञान हवे, पुष्कळदा कर्म पाहिल्याचा अनुभव हवा, दक्षता हवी आणि शुचिता हवी. परिचारकाला उपचारांची माहिती हवी, दक्षता हवी, शुचिता हवी आणि अनुराग हवा. या दोन्ही याद्या शेजारी शेजारी मांडून वाचल्या म्हणजे असे ध्यानात येते की दक्षता व शुचिता दोघांना सामाईक आहेत, ज्ञानही दोघांना आपापल्या परीने लागतेच. अनुराग ही मात्र एकच गोष्ट अशी, की जी परिचारकाकडून मागितली आहे आणि वैद्याच्या यादीत नाही. अध्यायाच्या अखेरीस वैद्याने आर्तांविषयी मैत्री आणि कारुण्य बाळगावे असा उपदेश आहे, हे सांगितलेच पाहिजे. परंतु कारुण्य हे समर्थाने असमर्थावर करावयाचे असते, आणि येथील अनुराग सेवकाने धन्यावर ठेवावयाचा आहे. कारण संहितेच्या दृष्टीने रोगी हाच परिचारकाचा पोशिंदा होय.

शुश्रूषेच्या व्यवसायाचा जो इतिहास आपणांस ज्ञात आहे, तो बव्हंशी या चौथ्या गुणाभोवती फिरत आलेला आहे, असे माझे मत आहे. ज्ञान शिकवता येते, दक्षतेची परीक्षा घेता येते, शुचिता डोळ्यांनी पाहता येते; परंतु अनुराग हुकमाने उत्पन्न होत नाही आणि पैशाने विकतही मिळत नाही, तथापि त्याच्यावाचून आजाऱ्याची सेवा कोरडी राहते, हे प्रत्येक आजाऱ्याने अनुभवलेले आहे. मग तो कोणी द्यावा, कोणास द्यावा, आणि देणाराच्या पदरात काय पडावे, हे प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत फार उशिरा शिरले. रुग्णाच्या खाटेपाशी मात्र ते शतकानुशतके रोज उभे होते.

त्याच सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात रुग्णासाठी घर कसे बांधावे व तेथे कोणते मनुष्यबळ ठेवावे याचा तपशील आला आहे, तो एखाद्या सरकारी कारखान्याच्या नेमणूक-यादीसारखा बारकाईचा आहे. वरण-भात रांधणारे, स्नान घालणारे, अंग रगडणारे, रुग्णाला धरून उठवणारे आणि पुन्हा अलगद निजवणारे, औषधे कुटणारे असे निरनिराळे परिचारक तेथे सांगितले आहेत. शिवाय गाणारे-वाजवणारे आणि कथा-आख्यायिका सांगणारेही आहेत, आणि जिचे वासरू जिवंत आहे अशी दुभती गायही आहे. उठवणारा आणि निजवणारा यांची स्वतंत्र गणना करणाऱ्या ग्रंथकाराने आजाऱ्याच्या उशापायथ्याशी पुष्कळ रात्री काढल्या असल्या पाहिजेत, असे ही यादी वाचताना वाटते. कारण दुखणाईताला उठवून बसवणे हे किती कौशल्याचे काम आहे हे ज्याने ते केले त्यालाच ठाऊक असते. पण या सर्व माणसांची वस्ती कोठे होती, त्यांचा रोजमुरा काय होता, ती आजारी पडली म्हणजे त्यांना कोण उठवून बसवी, याविषयी संहिता मूक आहे.

हेच मौन ग्रीसमध्येही आढळते. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने नीतीचा जो विचार मांडला, त्याचा गाभा असा की माणूस न्याय्य कृत्ये करता करता न्यायी होतो, धैर्याची कृत्ये करता करता धीर होतो. सद्गुण हा सवयीने अंगी मुरतो आणि मुरला म्हणजे योग्य वेळी, योग्य माणसाशी, योग्य प्रमाणात वागण्याची दृष्टी देतो. नियमांच्या पोथीपेक्षा घडलेल्या शीलावर भर देणारा हा विचार मला अतिशय मोलाचा वाटतो. परंतु ॲरिस्टॉटलचा सद्गुणी पुरुष हा फावल्या वेळाचा धनी असलेला स्वतंत्र नागरिक आहे. त्याचे अन्न शिजवणारी, त्याची मुले वाढवणारी आणि तो तापाने फणफणला असता त्याच्या कपाळावर ओले फडके ठेवणारी स्त्री किंवा दासी यांच्या गुणांना त्याने गौण जागा दिली. ज्या हातांनी तो पुरुष जिवंत राहिला त्यांचा हिशेब सद्गुणांच्या जमाखर्चात धरला गेला नाही.

आता आपल्या मुलखाकडे वळू. पेशवाईत आणि तीनंतरच्या इंग्रजी अंमलातही महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत शुश्रूषेचे काम मुख्यतः दोन स्त्रियांकडे असे, आणि त्या दोघी एकमेकींपासून जितक्या दूर असू शकतात तितक्या दूर होत्या. पहिली सुईण. पुष्कळ गावांत हे काम मांग समाजातील स्त्री वंशपरंपरेने करी. बाळंतिणीची खोली अंधारी, वाऱ्याला बंद; बाजेखाली शेगडी, तीत ओवा आणि बाळंतशेपा यांची धुरी; त्या धुरात रात्र रात्र बसून कळा मोजणारी, मूल आडवे आले तर हाताने फिरवणारी, नाळ कापणारी, वार पुरणारी आणि पुढे बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणारी ती हीच. सुवेराचे दहा दिवस घरच्या कोणालाही बाळंतिणीचा विटाळ चालत नसे, तेव्हा तिचा हात चाले. सुवेर फिटले, बारसे झाले, खण-नारळ आणि शिधा तिच्या पदरात पडला, की तोच हात ओसरीच्या पायरीलाही लागू नये अशी वहिवाट होती. गरज सरो आणि वैद्य मरो ही म्हण आपण वैद्यासाठी केली. सुईणीसाठी तेवढीही केली नाही. तिच्याजवळ उपचारज्ञता होती, दक्षता होती, आणि परक्याच्या लेकीच्या वेणा स्वतःच्या अंगावर घेण्याइतका अनुरागही होता. उरलेला गुण जी शुचिता, ती मात्र समाजाने तिच्या जन्मावरून आधीच नाकारून ठेवली होती.

दुसरी स्त्री घरातीलच : लाल अलवण नेसलेली, केशवपन झालेली विधवा आत्या, मावशी किंवा थोरली जाऊ. कोणाच्या घरी बाळंतपण निघाले, कोणी विषमज्वराने अंथरुणाला खिळले, कोणी म्हातारे वर्षानुवर्षे खाटेवर पडले, की तिला बोलावणे जाई. तिची शुचिता निर्विवाद होती, इतकी की तिच्या सोवळ्याची घरातल्यांनाच धास्ती असे. पण तिला नकार देण्याची सोय नव्हती, मोबदला मागण्याची सोय नव्हती, आणि मंगल कार्याच्या दिवशी तिचे तोंड दिसू नये असा शिरस्ता होता. तिने जे केले त्याला आपण माया म्हणत आलो. त्यात माया खरोखरच असे, हे मी नाकारीत नाही. माझ्या पिढीतील अनेकांना तिच्याच हातची पेज आठवते. परंतु जिला दुसरा मार्गच ठेवला नाही तिच्या मायेची स्तुती करताना स्तुती करणाराने थोडे थबकले पाहिजे.

महात्मा फुले आणि सावित्रीबाई यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले तेव्हा या दोन जगांमधली भिंत प्रथम फुटली. फसवल्या गेलेल्या विधवांनी गुप्तपणे येऊन सुखरूप बाळंत व्हावे अशी ही जागा होती, आणि तेथे येणाऱ्या स्त्रियांची शुश्रूषा सावित्रीबाई स्वतः करीत. सुईणीचे काम एका शिक्षिकेने आपखुशीने हाती घेतले, आणि तेही अशा स्त्रियांसाठी, ज्यांना त्यांच्या घरच्यांनी टाकले होते. ही घटना महाराष्ट्राच्या नैतिक इतिहासात फार मोठी आहे. पुढे १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला. त्यांचे दत्तक पुत्र डॉक्टर यशवंत यांनी हडपसरजवळ दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका प्लेगग्रस्त मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथवर आणले, असे सांगितले जाते. याच सेवेत त्यांना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला.

त्या प्लेगने एक गोष्ट निर्दयपणे उघडी केली. सरकारापाशी सोजीर होते, झडत्या घेण्याचा बंदोबस्त होता, विलगीकरणाच्या छावण्या होत्या. पण त्या छावण्यांतील आजारी स्त्रीच्या उशाशी जिला विश्वासाने बसवावे अशी शिकलेली देशी परिचारिका जवळपास नव्हती. पुण्याच्या प्लेगच्या दवाखान्यात स्त्रियांची जी अवस्था होती तिच्याविरुद्ध पंडिता रमाबाईंनी वर्तमानपत्रात पत्र लिहून जाहीर तक्रार केली. लोकांच्या संतापाचे पर्यवसान २२ जूनच्या रात्री प्लेग-बंदोबस्ताचा अधिकारी रँड याच्यावर झालेल्या गोळीबारात झाले, तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या आड दडलेला हा परिचारिकांचा तुटवडा मात्र इतिहासकारांनी फारसा हाताळलेला नाही.

या ठिकाणी कथा काही काळ इंग्लंडात न्यावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथेही रुग्णसेविकेचा धंदा हलका समजला जाई. डिकन्सने आपल्या एका कादंबरीत रंगवलेली दारूबाज सेअरी गँप हीच लोकांच्या मनातली नर्स होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल ही श्रीमंत घराण्यातील विदुषी घरच्यांचा विरोध मोडून १८५१ साली जर्मनीत कैसर्सव्हर्थ येथे शिकली, १८५४ मध्ये ३८ स्त्रियांना घेऊन क्रिमियाच्या युद्धासाठी स्कुतारीच्या लष्करी इस्पितळात गेली, आणि परत आल्यावर लोकवर्गणीच्या निधीतून १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात तिने शिक्षणसंस्था काढली. तेथील एक कागद मला या साऱ्या इतिहासातील अत्यंत बोलका दस्तऐवज वाटतो. प्रत्येक शिकाऊ परिचारिकेचा एक मासिक तक्ता असे, आणि तो इस्पितळाची मेट्रन श्रीमती वॉर्ड्रोपर, जी स्वतः एका डॉक्टराची विधवा होती, स्वहस्ते भरी. तक्त्याचे दोन भाग. एका भागात मलमपट्टी, जखमा धुणे, बिछाना घालणे, पथ्याचे पदार्थ करणे अशी कामे. दुसऱ्या भागात वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, अंगाची व वस्त्रांची स्वच्छता आणि कक्षाची व्यवस्था, अशी शीलाची सदरे. आणि प्रत्येक सदरापुढे शेरा. ॲरिस्टॉटलने ज्यास सवयीने घडलेले शील म्हटले, त्याचा दरमहा दाखला देणारे दफ्तर थेम्सच्या काठी उघडले गेले होते.

नाइटिंगेलबाईंच्या शुश्रूषेवरील लहानशा पुस्तकात, जे १८५९च्या अखेरीस तयार झाले, अनुराग म्हणजे प्रत्यक्षात काय याचे मला सापडलेले सर्वोत्तम विवरण आहे, आणि त्यात भावनेचा एक उमाळादेखील नाही. रुग्णाच्या खोलीच्या दाराबाहेर आप्त आणि डॉक्टर कुजबुजतात, आणि आत पडलेला माणूस तो अर्धवट ऐकू येणारा शब्द पकडण्यासाठी जीव एकवटतो, हे क्रौर्य होय, असे ती सांगते. खाटेला टेकू नये, खाटेवर बसू नये, तिला विनाकारण धक्काही देऊ नये. कारण आपल्याला जो धक्का कळतही नाही तो रुग्णाच्या सर्वांगातून जातो. बरे वाटेल, बरे वाटेल अशी पोकळ आशा दाखवणारे भेटीस येणारे लोक रुग्णाला थकवतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपण तेथे नसतानाही सारे व्यवस्थित चालेल अशी तजवीज जिने केली नाही, तिची रात्रंदिवस उशाशी बसण्याची धडपड व्यर्थ आहे. दुसऱ्याच्या शरीरात काय चालले असेल इकडे अखंड लागलेले लक्ष, हे या अनुरागाचे स्वरूप. तो मनाचा कढ नव्हे. अभ्यासाने अंगी बाणणारी दृष्टी आहे, आणि म्हणून ती शिकवता येते.

मग ती परीक्षेने तपासता येते का? या प्रश्नावर इंग्लंडमध्ये तीस वर्षांवर वाद चालला. एथेल बेडफर्ड फेन्विक या सेंट बार्थोलोम्यू इस्पितळाच्या माजी मेट्रनने १८८७ साली परिचारिकांची संघटना स्थापली आणि अशी मागणी केली की डॉक्टरांप्रमाणे परिचारिकांचीही सरकारी नोंदवही असावी, ठरावीक मुदतीचे शिक्षण व परीक्षा असावी, आणि तिच्याशिवाय कोणी स्वतःस परिचारिका म्हणवू नये. नाइटिंगेलने या मागणीस कसून विरोध केला. परीक्षेत पुस्तकी ज्ञान उतरते, शील उतरत नाही. आणि वहीत एकदा नाव चढले की ते वीस वर्षांनीही तसेच राहते, बाई मात्र तशी राहील याची हमी नाही, असा तिचा मुद्दा होता. हा मुद्दा खोटा नाही. तरीही मी या वादात फेन्विकबाईंच्या बाजूचा आहे. कारण शीलाचा दाखला जोवर मेट्रनच्या लेखणीत आहे तोवर परिचारिकेला मेट्रनच्या मर्जीवर जगावे लागते, आणि नोंदवहीतले नाव हे तिच्या स्वतःच्या मालकीचे असते. १९१० साली नाइटिंगेल निवर्तली. १९१९ साली पार्लमेंटने नोंदणीचा कायदा केला, आणि त्या वहीत पहिले नाव फेन्विकबाईंचे चढले.

नाइटिंगेल हिंदुस्थानात कधीही आली नाही, पण तिचे लक्ष या देशावर चाळीस वर्षे खिळलेले होते. खेड्यांच्या आरोग्याविषयी तिचा पुण्याच्या सार्वजनिक सभेशी १८९१च्या सुमारास पत्रव्यवहार झाला. बेहरामजी मलबारी या पारशी पत्रकार-सुधारकाचे चरित्र दयाराम गिडूमल या सिंधी न्यायाधीशाने लिहिले होते, त्याच्या १८९२च्या लंडन आवृत्तीस तिची प्रस्तावना आहे. आणि याच मलबारी व गिडूमल या चरित्रनायकाने व चरित्रकाराने मिळून १९०८ साली मुंबईत सेवासदन स्थापन केले, तर पुढच्याच वर्षी, १९०९ साली, रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदनाचे काम सुरू केले. इतिहासात धागे इतके सरळ क्वचितच सापडतात.

रमाबाईंनी आपले पती न्यायमूर्ती रानडे यांच्या दीर्घ सहवासात वाचन-लेखन मिळवले होते, आणि १९०१ साली त्या स्वतः विधवा झाल्या होत्या. वयाच्या चाळिशीपूर्वी जे प्राक्तन त्यांच्या वाट्यास आले त्यात शेकडो स्त्रिया विना-मोबदला रुग्णसेवा करीत जन्म घालवीत, हे त्यांनी आप्तांच्या घरोघरी पाहिले असले पाहिजे. गोपाळ कृष्ण देवधर यांच्यासारखा, गोखल्यांच्या भारत सेवक समाजात तयार झालेला, व्यवस्थेत निष्णात असा सहकारी त्यांना लाभला. सेवासदनात शिवण, शिक्षिकांचे वर्ग, घरगुती उद्योग असे पुष्कळ होते. पण सर्वांत अवघड पाऊल पडले ते तेथील स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यास पाठवण्याचे. १८६७ साली डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या त्या इस्पितळात तोवर युरोपियन, अँग्लो-इंडियन व देशी ख्रिस्ती परिचारिका असत. ब्राह्मण विधवेने तेथे जाऊन परजातीच्या पुरुषाची जखम धुवावी, रात्रपाळी करावी, मलमूत्राची भांडी उचलावी, हे शहरातील सोवळ्या वर्गाला धर्मबुडवेपणाचे वाटले. वस्तुतः हीच कामे ती घरी करीत होतीच. सासऱ्याची, दिराची, पुतण्याची घाण तिनेच काढली होती. फरक इतकाच पडला, की आता ती शिकून करणार होती, तिच्या नावावर दाखला निघणार होता, आणि महिन्याच्या अखेरीस तिच्या हातात वेतन पडणार होते. विरोधाचे मर्म या शेवटच्या तीन गोष्टींत होते, असे मला निश्चित वाटते.

यातच सेवासदनाचे नैतिक महत्त्व आहे. सेवा ही तिची तीच राहिली. परंतु नकार देण्याची शक्यता आली, आणि ती आल्याबरोबर होकाराला अर्थ आला. विधवा आत्याची माया आणि सुईणीची विद्या, ज्या जातिधर्माने दोन टोकांना ठेवल्या होत्या, त्या ससूनच्या कक्षात पांढऱ्या लुगड्यातील एकाच स्त्रीमध्ये प्रथमच एकत्र आल्या. यातही उणेपणा होताच. दाराशी आलेली ही प्रतिष्ठा पहिल्याने उच्चवर्णीयांच्या वाट्यास आली. जिच्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या नाळ कापली होती ती सुईण अडाणी आणि अस्वच्छ ठरून शासनाच्या अहवालांत बालमृत्यूचे कारण म्हणून नोंदली जाऊ लागली. १९२४ साली रमाबाई निवर्तल्या. १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि नोंदवहीची व्यवस्था देशभर मान्य झाली.

तत्त्वज्ञ या वाटेवर आले ते यानंतर. दीडशे वर्षे पश्चिमेकडील नीतिशास्त्र कांटचा कर्तव्यनियम आणि बेंथम-मिल्ल यांचा परिणामांचा हिशेब या दोन खांबांमध्ये येरझारा घालीत होते. १९५८ साली ऑक्सफर्डमधील एलिझाबेथ अँस्कम या विदुषीने एका निबंधात असे प्रतिपादले की ज्या ईश्वरी विधात्यावर ‘केले पाहिजे’ ही भाषा आधारलेली होती तो विधाता मानायचा नसेल तर ती भाषाही सोडावी, आणि आधी माणूस व त्याचे गुण समजून घ्यावेत. १९८१ साली ॲलस्डेर मॅकिन्टायर यांच्या ग्रंथाने सद्गुणवादी नीतीला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. पाठोपाठ १९८२ साली कॅरल गिलिगन या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने एक निराळाच सूर काढला. तिचे गुरुस्थानी असलेले कोलबर्ग मुलांना एक पेच घालीत : बायको मरणाच्या दारात आहे, औषध महाग आहे, औषधविक्रेता ऐकत नाही, नवऱ्याने ते चोरावे काय? अकरा वर्षांच्या मुलाने जीव आणि मालमत्ता यांचे वजन करून चोरावे असे उत्तर दिले. त्याच वयाच्या मुलीने म्हटले, की चोरी केली आणि तो तुरुंगात गेला तर आजारी बायकोला पुढे कोण पाहील. त्यांनी त्या विक्रेत्याशी बोलून काही मार्ग काढावा. कोलबर्ग यांच्या मापाने मुलगी खालच्या पायरीवर ठरत होती. गिलिगनने दाखवले की ती मुलगी दुसराच प्रश्न सोडवीत होती. ते तिघेही एकमेकांशी बांधलेले आहेत, तो बंध तुटू न देता काय करता येईल, हा तो प्रश्न. यातून जिला आपण आस्थेची नीती म्हणू, ती उदयास आली.

नेल नॉडिंग्ज यांनी १९८४ मध्ये त्यात भर घातली ती अशी, की आस्था घेणाराने ती ओळखल्याशिवाय, तिला प्रतिसाद दिल्याशिवाय आस्थेचे वर्तुळ पूर्ण होत नाही. हे वाचताना मला पुन्हा खुड्डाकचतुष्पाद आठवला. कारण तेथे रोगी हा चिकित्सेचा स्वतंत्र पाय आहे, त्यालाही चार गुण हवे आहेत, आणि त्यांतला एक म्हणजे आपल्याला काय होते आहे ते नीट सांगता येणे. जोन ट्रोंटो या राजकीय विचारवंत स्त्रीने १९९३ साली अवधान, जबाबदारी, क्षमता आणि प्रतिसादाची जाण अशी आस्थेची चार अंगे मांडली, आणि त्याहून महत्त्वाचा प्रश्न विचारला : ज्यांच्यापाशी सत्ता आहे त्यांना आपली उस्तवार दुसऱ्यावर सोपवून निश्चिंत राहण्याचा अधिकार कसा मिळतो? चरकाच्या चार गुणांत नसलेली जबाबदारीची वाटणी येथे आली. स्वतः मॅकिन्टायर यांनी १९९९ च्या ग्रंथात मान्य केले की माणसाचे परावलंबन, बाल्य, आजार आणि वार्धक्य यांकडे नीतिविचाराने, स्वतःच्या आधीच्या लेखनानेही, पुरेसे पाहिले नव्हते. सद्गुणवाद आणि आस्थेची नीती यांतील अंतर त्यामुळे पुष्कळ कमी झाले. नाही तरी सेवासदनातून ससूनला जाणाऱ्या स्त्रीच्या ठायी या दोहोंमध्ये अंतर कधी नव्हतेच.

परंतु चौथ्या गुणाचा हिशेब अद्याप मिटलेला नाही. एप्रिल २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने गावोगाव आशा नावाच्या आरोग्य कार्यकर्त्या नेमल्या, साधारणपणे हजार लोकवस्तीमागे एक. गरोदर स्त्रीची नोंद करणे, तिला दवाखान्यात नेणे, बाळाला लसीची तारीख चुकू न देणे, नवजाताच्या घरी खेपा घालणे, करोनाच्या दिवसांत दारोदार जाऊन ताप मोजणे ही त्यांची कामे; ज्या उंबरठ्यावरून सुईण एकेकाळी परतवली गेली, त्या उंबरठ्याआत आज आशाताई बसतात. सरकारच्या लेखी त्या कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत. त्यांना पगार नाही, मोबदला आहे. समाजाविषयीच्या आपुलकीने त्या हे काम करतात असे प्रत्येक समारंभात सांगितले जाते, आणि ते खरेही आहे. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील आशा संपावर गेल्या. पुढच्या वर्षी, मे २०२२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. संपाच्या मागण्यांत गौरव नव्हता. मोबदल्यात वाढ मागितली होती आणि सरकारी कर्मचाऱ्याचा दर्जा मागितला होता, म्हणजे जे ससूनच्या पहिल्या परिचारिकांना वेतनपटाने आणि नोंदवहीने दिले तेच. तो दर्जा त्यांना मिळाला पाहिजे, आणि तो देण्यास शंभर वर्षांपूर्वीपेक्षा आज अडचण अधिक आहे असे मला कोणत्याही बाजूने दिसत नाही.